बटाट्याची चौकशी झाली, पाण्याची कोण करणार?



शाळांना सुट्ट्या लागायला आल्या की आपल्या ग्रुपवर क्रूझच्या जाहिराती फिरायला लागतात. कधी मुंबई-गोवा, कधी मुंबई-लक्षद्वीप, कधी सिंगापूरहून निघणारं मोठं जहाज. वर ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के शुद्ध जैन भोजन’ आणि खाली पाण्यात खेळणारी हसरी मुलं. मग आपले प्रश्न सुरू होतात. कांदा-लसूण नाही ना? कढई वेगळी असते का? आपला महाराज बरोबर येतो का? सूर्यास्ताआधी जेवण मिळेल ना?

प्रश्न बरोबरच आहेत, मीही ते विचारते. पण असे पन्नास-साठ निरोप वाचून झाले तरी त्यात एक प्रश्न मला कधी दिसत नाही. त्या जाहिरातीतल्या तलावावर लाइफगार्ड असतो का? आपल्यातल्या निम्म्या जणींची मुलं पाच वर्षांच्या आतली. तरी बटाट्याची चौकशी तासभर चालते आणि पाण्याची एक मिनिटही नाही.

आज त्यावरच लिहायचं आहे, आणि थोडं कडक लिहिणार आहे. ‘जैन क्रूझ’ हा शब्द आपण ताटापुरता करून टाकला आहे. टूरवाल्यांना ते सोयीचं आहे. चार भाज्या वेगळ्या शिजवल्या की त्यांचं काम संपतं आणि आपणही निर्धास्त होतो. लहान मुलांना घेऊन समुद्रावर जाताना निर्धास्त होणं हाच खरा धोका आहे.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वामींनी प्रमादाचा, म्हणजे बेसावधपणाचा, उल्लेख आधी केला आहे आणि प्राणघाताचा नंतर. पाठशाळेत आपण हे सगळ्याजणी शिकलो. पाणी गाळून घ्यायचं, धान्य निवडून घ्यायचं, दिवा उघडा ठेवायचा नाही, ही सगळी सावधपणाचीच शिकवण. मुंगीसाठी इतकं जपणाऱ्या आपण पोटच्या पोराला पाण्याकाठी सोडून शेफशी वाद घालत बसलो, तर त्यात धर्म कुठे राहिला?

हे मी हवेत बोलत नाही. गेल्या खेपेला आमच्या नात्यातली चार कुटुंबं मिळून गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सांबारात गाजर निघालं म्हणून मोठी माणसं जेवणाच्या हॉलमध्ये जमली. मुलं शेजारच्या तलावाशी. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी बघतंय. तीन वर्षांचा एक मुलगा पाण्यात गेला. ना किंकाळी, ना हातपाय मारल्याचा आवाज. एका परक्या बाईंनी उडी टाकून त्याला वर काढलं. खोकला, रडला, डॉक्टरांनी तपासून सोडलं. देवाची कृपा. पण संध्याकाळी पुन्हा चर्चा कशाची? गाजराची! मी तेव्हाच ठरवलं होतं की यावर लिहायचं.

पाण्याचं आधी

बुडणारं मूल ओरडत नाही, हे पहिलं मनात पक्कं करा. तोंड पाण्याखाली असताना ओरडायला श्वास कुठून येणार? ‘काही झालं तर आवाज येईलच’ हा भरवसा खोटा आहे.

काही कंपन्या तलावावर लाइफगार्ड ठेवतात. डिस्ने आणि रॉयल कॅरिबियन ठेवतात. पण बऱ्याच जहाजांवर नुसती पाटी असते : आपल्या जबाबदारीवर पोहा. म्हणून बुकिंग करतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मोठ्यांच्या तलावाची खोली किती, हेही विचारा. अनेक जहाजांवर गावच्या तलावासारखं उथळ टोक नसतं, पहिल्या पायरीनंतर थेट खोल.

लंगोट सुटलेला नसेल तर मूल तलावात चालत नाही, पोहण्याचा खास डायपर घातला तरी बहुतेक जहाजं परवानगी देत नाहीत. त्यांच्यासाठी कारंज्यांची वेगळी जागा काही जहाजांवर असते, सगळ्यांवर नसते. दीड वर्षाच्या बाळाला तलाव दाखवून नेलं आणि तिथे काठावरून परत आणलं, तर चार दिवस त्याचं रडणं तुम्हालाच ऐकावं लागणार.

आणखी तीन गोष्टी. बुचाचं किंवा फोमचं अंगात घालायचं चांगलं जॅकेट घरूनच न्या, दंडात फुगवायच्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. पोहायचा पोशाख भडक केशरी किंवा पिवळा घ्या, निळा पाण्यात दिसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाळी लावा. ‘आपण सगळे आहोत की’ म्हणजे कुणीच नाही. वीस मिनिटं एकाच मोठ्या माणसाची पाळी, फोन पिशवीत, मूल हाताच्या अंतरावर. पाळी बदलताना तोंडाने सांगायचं, “आता तुमच्याकडे.” समोरच्याने “हो, माझ्याकडे” म्हटल्याशिवाय उठायचं नाही.

पाण्यातल्या जीवांची विराधना नको म्हणून काहींच्या घरी तलावात उतरतच नाहीत. त्या नियमाला माझा नमस्कार. पण नियम तुमचा आहे, तीन वर्षांच्या मुलाने तो घेतलेला नाही. पाणी दिसलं की ते धावणारच. पाळी त्या घरालाही चुकत नाही.

गॅलरी, दारं आणि ती कंटाळवाणी कवायत

गॅलरीची खोली घेतलीत तर पहिल्या पाच मिनिटांत तिथल्या खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून लांब ओढा, किंवा आत घ्या. कठडा उंच असतो, पण खुर्चीवर चढलेल्या मुलाला तो उंच राहत नाही. वरची कडी तुम्ही आतून लावून घ्या. घरात दोन मुलं दोन-चार वर्षांची असतील तर गॅलरी नसलेली खोली घ्या, असं मी स्पष्ट सांगते. आतली खोली स्वस्तही पडते आणि अंधार पूर्ण होत असल्याने मुलं छान झोपतात. फक्त रात्रीचा एक छोटा बॅटरीचा दिवा न्या.

खोलीची आणि न्हाणीघराची दारं फार जड असतात आणि जहाज हललं की आपोआप आपटतात. बोटं चेमटणं हा तिथला नेहमीचा अपघात. न्हाणीघरात साधारण शॉवरच असतो, बाळाला आंघोळ घालायला आपला साधा प्लॅस्टिकचा मग घरून न्या. बाळाचा पाळणा बुकिंगच्या वेळी मागितला तर खोलीत लावून देतात. मळमळीचा त्रास कमी हवा असेल तर खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या, तिथे हेलकावे कमी लागतात. मळमळीचं औषध मात्र आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.

आता कवायतीबद्दल. जहाज सुटण्याच्या सुमारास संकटकाळाची तालीम होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा. आपले लोक तेव्हा काय करतात, ते मी पाहिलं आहे. “ते नेहमीचंच असतं” म्हणून बुफेच्या रांगेत उभे. 13 जानेवारी 2012 च्या रात्री कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं आणि 32 माणसं गेली. त्या दिवशी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीम झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला : तालीम जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. तो नियम माणसं गमावून आला आहे. तेव्हा मुलांना घेऊन जा आणि जमण्याची जागा त्यांना दाखवा. बाळाचं आणि मुलाचं लाइफजॅकेट त्यांच्या मापाचं आहे का, ते खोली लावणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच दिवशी विचारा. लहान मापाची जॅकेटं जहाजावर ठेवावीच लागतात, पण तुमच्या कपाटात बहुतेक मोठ्यांचीच असतात.

चोरून नेलेल्या किटल्या

हा परिच्छेद वाचून काहीजणी रागावतील, तरी लिहिते. साड्यांच्या घड्यांत गुंडाळून विजेची किटली, छोटा कुकर, शेगडी नेणं ही आपल्यात हुशारी समजली जाते. “चालतं गं, कुणी बघत नाही.” बघतात, क्ष-किरणात दिसतं आणि काढून ठेवतात. पण पकडली गेली नाही तरी ती न्यायची नाही. जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची असते. भर समुद्रात आग लागली तर पळून जायला जागा नाही. हजारो माणसं ज्या छपराखाली झोपली आहेत तिथे नियम मोडून शेगडी पेटवायची आणि त्यावरची खिचडी ‘शुद्ध’ म्हणायची? अचौर्य आणि अहिंसा दोन्ही त्या किटलीत उकळून गेली.

दिवा आणि उदबत्तीचंही तेच. खोलीत ज्योत चालत नाही. सकाळी मुलांना घेऊन डेकवर जा, पूर्वेकडे तोंड करून णमोकार म्हणा. चार-सहा दिवसांच्या दर्शनासाठी भगवंतांचा छोटा फोटो पुरतो. सासूबाईंना हे आधीच समजावून सांगा, जहाजावर ऐनवेळी नको.

मग मुलाने खायचं काय? हवाबंद पाकिटातलं बाळाचं अन्न, खाकरे, कुरमुरे, भडंग साधारण चालतात, घरचं ओलं जेवण बहुतेक ठिकाणी चालत नाही. आपल्या जहाजाचा नियम वाचून घ्या. बाळाचं दूध किंवा दूध-पावडर लागणार तेवढी मोजून न्या, वर दोन दिवसांची जास्त. गरम पाणी खोलीत मागवता येतं.

जैन म्हणजे काय, ते लिहून द्या

आता तुमच्या आवडत्या विषयाकडे येते. नुसतं ‘जैन’ लिहून थांबू नका. परदेशी जहाजावर शाकाहारी म्हटलं तरी अंडं चालतं असं समजतात, आणि जैन म्हटलं की कांदा-लसूण काढून बटाटा, गाजर ठेवतात. यादीच द्या : कांदा, लसूण, बटाटा, रताळं, गाजर, मुळा, बीट, आलं, मध, अंडं, जिलेटिन नाही. ही यादी बुकिंगच्या वेळी लेखी द्या आणि जहाजावर चढल्याबरोबर जेवणाच्या हॉलच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा. रोज रात्री उद्याचं जेवण ठरवून टाका. वाद घालायची वेळच येत नाही.

फसवणूक बुफेतल्या भाजीपेक्षा मुलांच्या गोडात जास्त होते. केक आणि पेस्ट्रीत अंडं असतं. जेली, मार्शमेलो, रबरासारख्या गोळ्यांत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांची हाडं-कातडी. मुलांच्या क्लबमध्ये बक्षीस म्हणून ह्याच गोळ्या वाटतात. नाव नोंदवतानाच लिहून द्या आणि मुलाला बदली खाऊ डब्यात द्या. क्लबमध्ये साधारण तीन वर्षं पूर्ण झालेली आणि लंगोट सुटलेली मुलंच घेतात. त्याहून लहानांचं पाळणाघर काही मोजक्या जहाजांवर असतं आणि त्याचे पैसे वेगळे. सहा महिन्यांच्या आतलं बाळ तर बहुतेक मोठ्या कंपन्या घेतच नाहीत. लांब समुद्रप्रवासाला वर्षाची अट असते. पैसे भरायच्या आधी हे पाहा.

सूर्यास्ताची काळजी वाटते तेवढी अवघड नाही. सिंगापूरकडे सूर्य वर्षभर सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा संध्याकाळची पहिली पंगत मागून घेतली की निभतं. आपल्या किनाऱ्यावर डिसेंबरात सहालाच मावळतो, तिथे दुपारच्या उशिराच्या बुफेवरच मुलांना पोटभर वाढा. आणि खरं सांगू, लहान मुलांसाठी आपला हा नियम वरदानच आहे. सहाला जेवलेलं मूल आठला झोपतं. इतर कुटुंबं रात्री साडेनऊच्या पंगतीत रडकी पोरं सांभाळत असतात.

एक गोष्ट मात्र आपल्याला शोभत नाही : बुफेवरचं टाकून देणं. “पैसे भरलेत ना” म्हणून मुलाच्या ताटात पाच पदार्थ आणि मग तसंच उठायचं. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे उरलेलं अन्न समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय नियमाने परवानगी आहे. तुमच्या ताटातलं जातं कुठे, ते आता कळलं. एक चमचा वाढा, संपलं की पुन्हा उठा.

आजारपण आणि पिशवी

जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पटकन पसरते. नोरोव्हायरस हे त्यातलं मोठं नाव. त्यावर हाताला लावायचं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही, साबण आणि पाणीच लागतं. जेवणाआधी, शौचाहून आल्यावर, मुलांच्या क्लबमधून आल्यावर हात धुवायचेच. आपल्या आज्या काय वेगळं सांगत होत्या?

जहाजावर डॉक्टर असतो, पण बिल मोठं येतं. परदेशी जहाज असेल तर प्रवासविमा घ्या आणि त्यात जहाजावरचे उपचार धरले आहेत का, ते वाचा. मुलाची नेहमीची औषधं, तापाचं सिरप, ओआरएसच्या पुड्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा बंदरावर घेतात आणि खोलीत पोचायला संध्याकाळ होते. त्यामुळे मुलांचे एक जोडी कपडे, लंगोट, खाऊ, पासपोर्ट हे सगळं हातात. जहाज सुटलं की फोन विमान-मोडवर टाका, समुद्रावरच्या नेटवर्कचं बिल घरी आल्यावर डोळे पांढरे करतं. सिंगापूरहून जाऊन परत सिंगापूरलाच उतरायचं असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते तपासा.

पहिलीच वेळ असेल तर मुंबई-गोव्यासारखी दोन-तीन रात्रींची सफर करून पाहा. मूल कसं राहतं ते कळतं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, आणि तेव्हा आपला चातुर्मासही असतो. दोन्ही कारणांनी घरी राहा.

ज्यांना हे सगळंच पटत नाही

काही वडीलधाऱ्या म्हणतात, समुद्रावर जाणं हे आपल्यात बसतच नाही. त्यांना नम्रपणे एवढंच : अष्टाह्निकेत आपण ज्या श्रीपाळ-मैनासुंदरीची कथा ऐकतो, तो श्रीपाळ जहाजातूनच हिंडला होता. त्याला समुद्राने बुडवलं नाही, समुद्रात ढकललं ते धवलशेठच्या लोभाने. ज्यांनी दिग्व्रत घेऊन दिशांची मर्यादा बांधली आहे, त्यांनी ती पाळावी. ज्यांना घरचंच शुद्ध जेवण लागतं, त्यांनी जाऊ नये. नियम मोडून जायचं आणि मग शेफवर ओरडायचं, यापेक्षा घरी राहणं शंभर पटींनी बरं.

दुसऱ्या बाजूला घरातले पुरुष. “तुम्हा बायकांना हौस, तुम्हीच बघा.” का बरं? सुट्टी सगळ्यांची, तर पाळीही सगळ्यांची. मुलांचे बाबा, काका, मामा, आजोबा, प्रत्येकाचं नाव पाळीच्या कागदावर असलं पाहिजे. चार दिवस मुलांमागे धावून, डबे भरून, सासरच्यांची पथ्यं सांभाळून घरी दमून येणारी बाई सुट्टीवर गेलीच नव्हती, नुसती घर हलवून आली. आणि दमलेल्या बाईचंच लक्ष चुकतं. म्हणून हा हट्ट स्वतःच्या आरामासाठी वाटला तर वाटू द्या, मुलाच्या जिवासाठी तो धरायचाच.

तेव्हा मैत्रिणींनो, पैसे भरण्याआधी टूरवाल्याला समोर बसवा आणि विचारा. लाइफगार्ड आहे का? तलाव किती खोल? बाळाचं जॅकेट मिळेल का? डॉक्टर आहे का? क्लबमध्ये कितव्या वर्षापासून घेतात? एवढी उत्तरं आली की मग खुशाल बटाट्याकडे वळा. पहिल्या पाच प्रश्नांना जो “ते बघू हो ताई, जेवण मात्र एकदम जैन आहे” असं म्हणेल, त्याच्याकडे पैसे भरू नका.